पंच्याण्णव, नव्वद, पंच्याण्णव, पंच्याण्णव

आमच्या आबांचं इंजिन तपासायचं सगळं सामान म्हणजे त्यांचा उजवा अंगठा. फौजेत गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये त्यांची उमेदीची वर्षं गेली. हवालदार होऊन घरी आले, उसाची शेती चुलत्यांच्या हवाली केली आणि रहिमतपुरात सातारा रस्त्याला पत्र्याचं गॅरेज टाकून बसले. कुठलीही गाडी येऊ दे, जीप, जुनी मोटार, महाबळेश्वरची टॅक्सी, आबा आधी प्लग काढायचे, त्या भोकावर अंगठा दाबून धरायचे आणि कुणालातरी हँडल मारायला लावायचे. आत पिस्टन वर आला की कोंडलेली हवा अंगठ्याला उडवून फस्सकन बाहेर पडायची. जोरात उडाला की आबा मान डोलावून म्हणायचे, "तगडी हाय." नाही उडाला तर काहीच बोलायचे नाहीत, नुसतं गाडीवाल्याकडं बघायचे. त्या बघण्यानंच तो बिचारा बाकड्यावर टेकायचा. मग आई त्याला चहा द्यायची.

घर गॅरेजच्या मागंच. मध्ये एक भिंत आणि तिला एक खिडकी. त्या खिडकीतनं आई चहा द्यायची आणि देता देता गिऱ्हाइकाचं गाव, भावकी, पोराबाळांची शिक्षणं सगळं काढून घ्यायची. भिंतीच्या अल्याड भाकरी थापल्याचा आवाज, पल्याड हातोड्याचा. दोन्ही कधी एका ठेक्यात आले की आबा मुद्दाम हातोडा थांबवायचे, आणि आतनं हाक यायची, "आवं, थांबलासा का? माजी भाकरी बिगाडली की!" आमच्या वाघ्या घेवड्याच्या आमटीला सुद्धा ऑइलचा वास यायचा, असं चुलती म्हणायची. असेलही. मला तरी आजवर दुसरीकडची आमटी तेवढी लागलेली नाही.

मी शालन, ह्या दोघांची एकुलती एक. भिंतीच्या कुठल्या बाजूला माझी जागा, हे मी फार लवकर ठरवून टाकलं होतं आणि आईला ते फार उशिरा कळलं. ऑटोमोबाइलचा डिप्लोमा करायला मी सांगलीला गेले, वर्गात एकटी मुलगी. राहायला खोली मिळाली ती एका डॉक्टरीणबाईंच्या माडीवर. बाई तेव्हा सत्तरीच्या घरात. लग्न केलेलं नाही, बोलणं तोडून, साडी सुती आणि कडक इस्त्रीची. सगळी सांगली त्यांना भ्यायची. मी पहिले आठ दिवस भ्याले, नवव्या दिवशी त्यांच्या मागच्या अंगणातलं ताडपत्रीखालचं काहीतरी उचकून बघितलं आणि भीती पळाली. खाली गाडी होती. हिरवीगार, दोन माणसांपुरती, डोक्यावर छप्पर नाही, बॉनेट हे एवढं लांब आणि बाकीची गाडी नावाला. विलायती स्पोर्ट्‌स कार! मी ती आधी फक्त पुस्तकात पाहिली होती.

"टाक ते," मागनं बाईंचा आवाज आला. मी ताडपत्री सोडली. "ताडपत्री नव्हे. हातातलं पुस्तक बाजूला टाक आणि बॉनेट उघड. बघू तुला काय येतं ते." असं आमचं जमलं. तरुणपणी पुण्यात शिकताना एका निघून चाललेल्या परदेशी माणसाकडनं बाईंनी ती घेतली होती, आणि मग ह्याच गाडीतनं मिरजेपासून पार शिराळ्यापर्यंत बाळंतपणांना जायच्या. डोक्याला रुमाल, शेजारच्या सीटवर औषधांची पेटी. रविवारी आम्ही दोघी तिचं बॉनेट उघडून बसायचो. हात काळे, मधोमध भडंगाचं पातेलं, आणि चमचा एकच. म्हणून आधी बाईंनी खायचं आणि मग मी, असा नियम. दोन वर्षांत मी कॉलेजात जेवढं शिकले त्याच्या दुप्पट त्या अंगणात शिकले, आणि त्याहून जास्त हसले.

डिप्लोमा झाला, मी घरी येऊन आबांच्या गॅरेजात उभी राहिले. वर्षभरानं ऐन नवरात्रात बाईंची गाडी टेम्पोवर चढून आमच्या दारात उतरली, सोबत चिठ्ठी. गाडी चढाला दम टाकते. पुण्याचे एक शौकीन गृहस्थ जुन्या गाड्या जमवतात, ते मागं लागले आहेत, त्यांना इंजिन कसंही असलं तरी चालतं. पुतण्या म्हणतो देऊन टाक. 'इंजिन उघडायची वेळ आली असेल तर मी देणार,' बाईंनी लिहिलं होतं. 'त्याचे भाग परदेशातून यायला वर्ष जाईल, आणि ह्या वयात मी वर्षाच्या बोलीवर काही करत नाही. धड असेल तर मात्र मरेपर्यंत माझी. कॉम्प्रेशन बघून मला आकडे कळव. आकडे. तुझ्या वडिलांचा अंगठा नको.'

आबांनी चिठ्ठी ऐकली आणि पहिल्यांदा अंगठाच लावला. मी हँडल मारलं. फस्स! अंगठा उडाला. "तगडी हाय," आबा म्हणाले. "कारबुरेटर घाण झालाय निस्ता. आकडं कशाला लागत्यात?" मी म्हटलं, आबा, बाई डॉक्टर आहेत, त्यांना बीपी लागतं. खरं सांगायचं तर आकडे बाईंपेक्षा मलाच हवे होते. मी मुंबईहून कॉम्प्रेशन गेज मागवलं होतं, आणि ते एस.टी.च्या पार्सलनं आदल्याच दिवशी येऊन पडलं होतं. प्लगच्या जागी बसवायचं, स्टार्टर फिरवायचा, आणि सिलिंडर किती जोरानं हवा दाबतो ते काटा सांगणार. अंगठ्याचा जमाना संपला, असं मी मनातल्या मनात जाहीरसुद्धा करून टाकलं होतं. अहो, वय होतं ते.

कारबुरेटर साफ करण्यात दोन दिवस गेले, आणि खंडेनवमीला सकाळी समोरच्या किराणा दुकानात बाईंचा फोन आला. पुण्याचे गृहस्थ उद्या दसऱ्याच्या मुहूर्तावर ट्रक घेऊन येतायत, आज आकडे हवेत. आता खंडेनवमी म्हणजे आमच्यात हत्यारांचा सण. पाने, हातोडे, जॅक, सगळं धुऊनपुसून पाटावर मांडायचं, हळदकुंकू, झेंडू वाहायचा आणि त्या दिवशी कशालाही हात लावायचा नाही. हत्यारांना एक दिवस सुट्टी. आबा इतर वेळी देवाधर्माचे नव्हते, पण ह्या एका दिवसाबाबत कडक. "आज पाना हलायचा न्हाई," ते म्हणाले. मी म्हटलं, "पाना नको हलवायला. प्लग कालच सैल करून ठेवलेत, हातानं निघतात. आणि गेज कुठं पुजलंय? ते तर माझ्या ट्रंकेत आहे." ते मी मुद्दामच ट्रंकेत ठेवलं होतं, हे आबांनी ओळखलं. हसू दाबत म्हणाले, "वकील व्हायची ती मेकॅनिक झाली. आन."

मदतनीस पोरं सणाला गावी गेलेली. म्हणून आम्ही तिघं. इंजिन गरम करून घेतलं, चारी प्लग काढले. आबा बॉनेटखाली वाकून स्टार्टरचं बटण दाबणार, मी गेज धरणार, आणि ॲक्सिलेटर पूर्ण दाबून धरायला आईला गाडीत बसवलं. तो पूर्ण दाबलेलाच लागतो, कारण त्याशिवाय इंजिनाला श्वास घेता येत नाही, आणि श्वासच घेतला नाही तर ते दाबणार काय? आई नवं लुगडं सावरत त्या ठेंगण्या सीटवर बसली तेव्हा तिचं नुसतं कपाळ आणि नथ दिसत होती. "आई, दाबलास का?" "दाबलाय की!" "पूर्ण?" "व्हय गं, पूर्न!" आबांनी बटण दाबलं. काटा एकेक पायरी चढत गेला आणि पंच्याण्णववर थांबला. दुसरा नव्वद. तिसरा पंच्याण्णव. चौथा पंच्याण्णव. यायला हवे होते दीडशेच्या आसपास. मग पुस्तकात सांगितल्याप्रमाणे प्रत्येक सिलिंडरात चमचाभर ऑइल सोडून परत बघितलं. आकडे थोडे वर सरकले. ऑइलनं वर सरकले म्हणजे पिस्टनच्या रिंगा झिजल्या, ऑइलनं तेवढ्यापुरती फट बुजवली. पुस्तक तोंडपाठ होतं मला! "रिंगा गेल्या," मी म्हटलं. "चारी."

आबा म्हणाले, "माजा अंगठा आसं म्हनत न्हाई." मी काय म्हणावं? "आबा, अंगठ्याला आकडे नसतात." आज हे लिहिताना सुद्धा कान गरम होतात माझे. साताऱ्याच्या माझ्या वर्कशॉपमध्ये आता पोरं सिलिंडरात कॅमेरा घालून मोबाइलवर आतलं दाखवतात. त्यांच्यातलं एखादं असल्या तोऱ्यात बोललं की मला त्याची चीड येत नाही. मला ती शालन दिसते, वहीवर चार आकडे रेघ मारून लिहिणारी, आणि हसू येतं. रस्ता ओलांडून मी बाईंना फोन लावला. खणखणीत आवाजात आकडे वाचले, निदान सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरं. तू बघितलंस ना? मग झालं. उद्या येते, एकदा बघून निरोप देईन म्हणते." फोन ठेवला तेव्हा कुठं मला कळलं की मी नुसते आकडे सांगितले नव्हते. माडीवरनं ऐकू येणारा तो इंजिनाचा आवाज, ते रविवार, सगळं मी माझ्या तोंडानं ट्रकवर चढवून दिलं होतं.

दसऱ्याला दुपारी पुरणपोळी, कटाची आमटी, भजी, कुरडई. मी ताटात बोट फिरवत बसलेली. आई वाढता वाढता चिडली, "सनाचं गिळंना का हे पोर? आवं, सांगा की हिला." आबा आमटीचा भुरका मारून म्हणाले, "मला एकच कोडं सुटंना. चार सिलेंडर एका दमात म्हातारं कसं झालं? एखादा थकतो, दोन थकत्यात. चारी एकाच मापात?" तेवढ्यात आई माझ्या पोळीवर तूप सोडत म्हणाली, "मला तर तवाच वाटलं, नवमीच्या दिशी कशाला हात लावायचा. मी आपला पाय बी लागू दिला न्हाई बया."

"कशाला पाय लागू दिला नाहीस?" मी.

"त्या तुज्या पेंडलीला."

बाहेर कुठंतरी हलगी वाजत होती.

"आई, तू दाबलाय म्हणालीस!"

"मग काय म्हनू? काल सकाळी न्हाऊनधुऊन त्या गाडीला हळदकुकू वाह्यलं. चाकाला, शेरिंगला, खालच्या तिनी पेंडलींना बी. चालतीया ती त्येंच्यावरच न्हवं? आनि लगीच त्याच्यावर पाय दिऊ? मी आपला वरच्यावर धरला. म्हटलं, गाडी काय कुठं चाललीया? जाग्यावरच हाय. दाबला काय आन्‌ न्हाई काय!"

आबांना आमटीचा असा ठसका लागला की पाणी द्यावं का पाठीत धपाटा घालावा कळेना. हसून हसून डोळ्यांतनं पाणी. "आगं, नाक दाबून धरलंस की तू तिचं! आन्‌ ही पोरगी म्हनती दमा झालाय!" आई आधी रागावली, मग ओशाळली, मग पदर तोंडाला लावून तीही हसायला लागली. मी मात्र उठून उभी होते. चूक आईची नव्हतीच. पेडल खरंच दाबलंय का, हे वाकून बघायचं काम माझं होतं. आणि आकडे एका मापात कमी आले की आधी आपल्या हातातल्या कामावर संशय घ्यायचा, हे कुठलंही पुस्तक सांगतं. मी रिंगांचं पान पाठ केलं होतं, आणि हे संशयाचं पान ओलांडून गेले होते.

हात धुतोय तोवर ट्रकचा हॉर्न वाजला. मागं टॅक्सीतनं बाई उतरल्या. आबा माझ्या कानाशी आले, "मी सांगतो, ब्याटरी उतरली व्हती, म्हनून आकडं कमी आलं. तू गप ऱ्हा." खोटं कशाला सांगू, मला ते एकदम पटलं. बॅटरी उतरते, तिची काही अब्रू जात नाही. पण बाई सरळ गाडीपाशी गेल्या, बॉनेटवर हात ठेवला, आणि कालचं हळदकुंकू त्यांच्या तळव्याला लागलं. त्यांनी ते पुसलं नाही. मला राहवलं नाही. "बाई, मी चुकले," मी म्हटलं, पुण्याच्या गृहस्थांच्या देखत, ट्रकवाल्याच्या देखत. "इंजिन गेलेलं नाही. म्हणजे मला ठाऊकच नाही. मी चुकीचं तपासलं आणि तुम्हाला ठामपणे सांगितलं." आणि पेडलची सगळी हकीकत सांगितली. आवाज काही खणखणीत वगैरे नव्हता, रडकाच होता.

बाईंनी माझ्याकडं बघितलं, आईकडं बघितलं. मग म्हणाल्या, "डॉक्टर झाल्यावर पहिल्याच वर्षी मी एका म्हातारीची नाडी अंगठ्यानं बघितली. नातेवाइकांना सांगितलं, नाडी फार जोरात आहे, धोका आहे. सगळं घर रडायला लागलं. ती माझीच नाडी होती. अंगठ्यात आपली आपल्याला लागते. घाबरले होते ना मी!" त्या हसल्या तशा आबाही मोकळे झाले. "चल," बाई मला म्हणाल्या, "पुन्हा बघ. हे गृहस्थ थांबतील."

इंजिन चालू करून गरम केलं, प्लग काढले. मी म्हटलं ॲक्सिलेटर मी दगड लावून दाबते, पण आई ऐकेना. "माज्यामुळं झालं, मीच दाबनार." आत जाऊन पाय धुऊन आली, गाडीत वाकून पेडलला हात लावून कपाळाला लावला, "रागाऊ नगंस गं बाई," म्हणाली, आणि असे दोन्ही पाय रोवले की सीट करकरली. ह्या वेळी मी कारबुरेटरमध्ये डोळा घालून बघितलं, झडप सताड उघडी होती. आजही माझ्याकडं कुणी तपासणी करायला लागलं की मी आधी तिथं बघते, आणि मग त्या माणसाकडं. गेज बसवलं. आबांनी बटण दाबलं. काटा पहिल्याच दणक्याला शंभरच्या पुढं गेला आणि दीडशेवर टेकला. दुसरा, दीडशे. तिसऱ्याला एकशेपंचेचाळीस. चौथा, दीडशे. मी वाचत होते आणि बाई काही लिहून घेत नव्हत्या. त्या नुसत्या डोळे मिटून ऐकत होत्या.

पुण्याचे गृहस्थ भले होते. आपली वही मिटून म्हणाले, "मी इंजिन गेलेली गाडी न्यायला आलो होतो. ही ती नव्हे." तरी एकदा विचारून बघितलं, बाईंनी मान हलवली, आणि मग दोन पुरणपोळ्या खाऊन, आबांना आपट्याचं पान देऊन, रिकामा ट्रक घेऊन ते गेले. मी प्लग बसवत होते. मला गाणं म्हणावंसं वाटत होतं आणि एकही आठवत नव्हतं. किती आनंद झाला होता म्हणून सांगू! चुकल्याचा एवढा आनंद मला पुढं आयुष्यात कधी झाला नाही.

ऊन उतरायला लागलं तशी गावातली पुरुषमंडळी फेटे बांधून सोनं लुटायला शिवेपार निघाली. आमच्याकडं बायका घरी थांबतात, आणि सीमोल्लंघन करून आलेल्यांना दारात ओवाळतात. आबा फेटा गुंडाळत होते. बाई डोक्याला रुमाल बांधून स्टिअरिंगवर बसल्या, इंजिन लावलं, चारी सिलिंडर एका सुरात बोलायला लागले, आणि त्या आईला म्हणाल्या, "बसा." आई म्हणाली, "मी? कुठं?" "शिवेपार." आई आबांकडं बघायला लागली. आबांनी फेट्याचं टोक तोंडात धरलेलं, त्यांना बोलता येईना. मग मीच दार उघडलं. आईनं पदर कमरेला खोचला, नथ काढून माझ्या हातात दिली, आणि हिरवी गाडी सोनं लुटायला निघालेल्या गर्दीतनं हॉर्न देत गेली. फेटेवाल्यांनी दोन्ही बाजूंनी वाट करून दिली. कुणीतरी ओरडलं, "आरं, हवालदारीणबाई चालल्या!"

त्या परत येईपर्यंत आबा फेटा बांधून दारातच उभे राहिले, शिवेला गेलेच नाहीत. गाडीचा आवाज वळणावर ऐकू आला तसे आत गेले आणि बाहेर आले ते ओवाळायचं तबक घेऊन. दिवा त्यांनीच लावला होता, वात भलतीच मोठी. आई गाडीतनं उतरली, केस सगळे सुटलेले, तोंडभर धूळ, हातात आपट्याची अख्खी फांदी. आबांनी बाईंना ओवाळलं, मग आईसमोर आले आणि तबक उलटं फिरवायला लागले. "आवं, आदी कुकू लावा," आई म्हणाली. आबांनी लावलं. मग फौजी आवाजात विचारलं, "काय बघितलंस शिवंपल्याड?"

"काय न्हाई. आपल्यासारकीच रानं हायत," आई म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "पर आवं, मी गेले की!"